राजधानी हलवताना

दौलताबादला राहणाऱ्या माणसाने घरातली कुठलीही वस्तू जागची हलवली की लोक तुघलकाचं नाव काढतात. फ्रिज स्वयंपाकघरातून पडवीत आणला, तुघलक. पाण्याची टाकी पुढच्या गच्चीवरून मागच्या गच्चीवर नेली, तुघलक. शेजाऱ्यांच्या मुलाने संभाजीनगरात भाड्याने घर घेतलं आणि पावसाळा संपायच्या आत तो बिऱ्हाड घेऊन माघारी आला, तेव्हा किराणा दुकानदाराने गूळ तोलता तोलता विचारलं होतं, "काय, राजधानी परत आली म्हणे?" एका सुलतानाने १३२७ साली खेळ मांडला आणि त्याचे टोमणे आम्ही अजून खातोय. आग्र्याला घर बांधणाऱ्याला कुणी शहाजहान म्हणत असेल असं मला वाटत नाही.

म्हणून माझ्या लॅपटॉपची हार्डडिस्क बदलायचं ठरलं तेव्हा ती बातमी मी उंबऱ्याबाहेर जाऊ दिली नाही.

हा लॅपटॉप मी बँकेतून निवृत्त झालो त्या सुमाराचा. तेव्हा तो चपळ होता, मीही बरा होतो. अलीकडे मात्र बटण दाबून मी अंघोळीला जायचो, पूजा उरकायचो, चहा घ्यायचो आणि येऊन बघावं तर पडद्यावर ते गोल गोल फिरणं चालूच. माझी काही तक्रार नव्हती. उलट सकाळच्या कामांना त्यामुळे एक शिस्त आली होती. पण मग आतून आवाज यायला लागला. टक्, टक्, थोडी विश्रांती, पुन्हा टक्. "अहो, तुमचं मशीन कण्हू लागलंय," बायको म्हणाली. पुतण्याचं शहरात, पैठण गेटच्या बाजूला, कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. रविवारी तो आला, लॅपटॉप उचलून त्याने कानाशी धरला आणि डोळे मिटले.

"काका, डिस्क चालली."

"कुठं?"

"वर."

मग त्याने जे सांगितलं ते ऐकून त्या वस्तूविषयी माझा आदर एकदम वाढला. त्या अडीच इंची डबीत काचेच्या नाहीतर ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात आणि त्यांच्यावरून एक बारीक हात इकडून तिकडे फिरत असतो. हाताच्या टोकाला वाचणारं-लिहिणारं डोकं. हे डोकं चकतीला टेकत नाही, फिरण्याने उठलेल्या हवेच्या थरावर, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत राहतं. टेकलं की ओरखडा उठतो आणि त्या ओरखड्यात कुणाचं तरी लग्न जातं. टक्-टक् होतं ते असं, की डोक्याला हवी ती जागा सापडत नाही, म्हणून ते मागे आपल्या ठाण्यावर येतं आणि नव्याने निघतं. निवृत्त माणसाचं हेच होतं. आतल्या खोलीत जातो, कशाला आलो ते आठवत नाही, म्हणून पुन्हा ओसरीवर येऊन उभा राहतो आणि परत आत जातो. त्याला कुणी लगेच बदलायला काढत नाही, एवढाच फरक.

"डेटा काय काय ठेवायचा?" पुतण्याने विचारलं.

"सगळा," मी म्हणालो.

शब्द तोंडातून गेला आणि मलाच तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. महंमद तुघलकाचा हुकूमही हाच होता. दिल्लीहून देवगिरीला काय काय न्यायचं? सगळं. देवगिरीचं नाव त्याने दौलताबाद केलं. वाटेवर सराया बांधल्या, झाडं लावली, हजारभर किलोमीटरहून लांब रस्त्यावर चौक्या ठेवल्या. झियाउद्दीन बरनी हा त्या काळचा इतिहासकार. दिल्ली अशी ओस पडली की तिथे कुत्रं-मांजरही उरलं नाही, असं तो लिहून ठेवतो. आजचे अभ्यासक म्हणतात की इतकं नाही, मुख्यतः दरबारी, अमीर, उलेमा, सुफी असे लोक हलवले गेले. मला अभ्यासकांचं पटतं. बँकेत शाखा हलवताना आम्हीही 'सगळं' हलवायचो आणि तरी जुन्या जागेत एक कपाट, एक शिपाई आणि विजेचं बिल राहायचंच.

काही वर्षांनी प्रवासी इब्न बतूता दिल्लीला पोचला. त्याने या स्थलांतराची ऐकलेली एक गोष्ट लिहिली आहे, आणि ती ऐकल्यावर दौलताबादकराला झोपेत दचकायला होतं. रिकाम्या दिल्लीत शोध घेतला तेव्हा म्हणे दोन माणसं सापडली, एक पांगळा आणि एक आंधळा. पांगळ्याला यंत्रातून भिरकावून दिलं. आंधळ्याला ओढत दौलताबादला न्यायचा हुकूम झाला. वाट चाळीस दिवसांची. त्याचा देह वाटेत तुटत गेला आणि दौलताबादला पोचला तो फक्त एक पाय. गोष्ट खरी की सुलतानावरच्या रागातून लोकांनी रचलेली, हा वाद विद्वानांनी घालावा. डेटा-ट्रान्स्फरचं एवढं अचूक वर्णन मात्र मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पण तुघलकाची खरी गंमत पुढेच आहे आणि ती टोमणे मारणाऱ्यांना ठाऊक नसते. बेत फसला, सुलतानाने लोकांना परत जायची मुभा दिली, दिल्ली पुन्हा दिल्ली झाली. पण इथे आलेले सगळे काही गेले नाहीत. सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब इथलेच झाले. घाट चढून खुलताबादला गेलं की त्यांचा दर्गा आहे. कवी अमीर हसन सिज्जी दिल्लीचे, तेही खुलताबादलाच विसावले. त्यांच्या उत्तरेकडच्या बोलीने इथल्या मातीत मूळ धरलं आणि दखनी जन्माला आली. म्हणजे सुलतानाला करायचं होतं कट-पेस्ट आणि झालं कॉपी-पेस्ट. मूळ तिकडे राहिलं आणि प्रत इकडे. वीस वर्षांत या प्रतीने मूळ प्रतीविरुद्ध बंड केलं. १३४७ साली दौलताबादेतच हसन बहमनशहाला तख्तावर बसवलं आणि दिल्लीपासून वेगळं राज्य काढलं. नव्या राज्याने लगेच काय करावं? राजधानी गुलबर्ग्याला हलवली. एकदा लागलेला नाद.

आता नवी डिस्क. पुतण्या म्हणाला, फिरणारी घेऊच नका, एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारं काही नसतं, नुसत्या चिपा. ही फ्लॅश मेमरी तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधली. मला एकदम १९५६ची आयबीएमची पहिली हार्डडिस्क आठवली. बँकेच्या एका प्रशिक्षणात तिचं चित्र दाखवलं होतं. चोवीस इंची पन्नास चकत्या, टनभराच्या घरातलं वजन आणि मावायचं किती, तर पाच मेगाबाइट. म्हणजे आज सकाळी बायकोने काढलेला जास्वंदीचा फोटो तिच्यात मावला असता की नाही याची शंका. आमच्या गडावरची मेंढा तोफ कुणी आणि कशी वर चढवली याचं आश्चर्य करत पर्यटक उभे असतात. त्यांना हे चित्र दाखवायला हवं.

डिस्क आणायला मी पुतण्याबरोबर शहरात गेलो, कारण खरेदीत मोठं माणूस बरोबर असावं अशी माझी समजूत आहे. रस्त्याकडेला एकाने गाडीवर मांडलेल्या मालात दोन टेराबाइटची डिस्क होती, हजाराच्या आत. मी थांबलो. पुतण्याने माझं मनगट धरलं आणि लहान मुलाला रस्ता ओलांडून न्यावं तसा मला पुढे नेला. ती दोन टेराबाइट नसतेच म्हणे. आत असते चिमूटभर मेमरी आणि तिला फक्त खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरने विचारलं की ती सांगते, दोन टेराबाइट. आपण भरत जातो, ती 'घेतलं, घेतलं' म्हणत जाते, आणि खरी जागा संपली की नवं जुन्यावर लिहिते नाहीतर टाकून देते.

माझ्या तोंडून निघालं, "तांब्याचा टंका." राजधानीचा घोळ निस्तरायच्या आत तुघलकाने दुसरा घातला होता. तांब्या-पितळेची नाणी काढायची आणि ती चांदीच्या टंक्याच्या भावाने चालवायची. कल्पना वाईट नव्हती. आज आपल्या खिशातली नोट म्हणजे दुसरं काय असतं? पण त्या नाण्याची नक्कल कुणालाही करता येत होती, आणि ती सगळ्यांनी केली. घरोघरी टांकसाळ. शेवटी सुलतानाने नाणी परत घेतली आणि खरी-खोटी न बघता खजिन्यातून बदल्यात चांदी दिली. तुघलकाबादेत म्हणे तांब्याच्या नाण्यांचे डोंगर झाले. तीस वर्षं कॅशियरच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला ही हकिगत वाचताना घाम फुटतो. आजच्या नकली डिस्कवाल्यापेक्षा तुघलक बरा म्हणायचा, कारण निदान त्याने माल परत घेतला. गाडीवाला संध्याकाळी गाडी ढकलत कुठे जाईल कोण जाणे.

आम्ही पाचशे जीबीची साधी, नावाजलेल्या दुकानातली, बिलासकट घेतली.

लॅपटॉप उघडायचा कार्यक्रम ओसरीवर झाला. वर्तमानपत्र पसरलं. पुतण्याने हात नळाला लावून अंगातली वीज उतरवली आणि मलाही लावायला सांगितला, मी नुसता बघणार असूनही. बारीक पेचकस, गिटार वाजवायची प्लास्टिकची टिकली, मुदत संपलेलं एटीएम कार्ड, एवढीच त्याची हत्यारं. मला वाटलं होतं, खालचे स्क्रू काढले की झाकण हातात येईल. आले ते दिसणारे स्क्रू. दोन रबरी पायांच्या पोटात होते, ते पाय नखाने उचकटावे लागले. एक स्टिकरखाली होता, आणि स्टिकरवर लिहिलं होतं की हा फाडाल तर आमचा-तुमचा संबंध संपला. सगळे निघाल्यावरही झाकण हलेना, कारण कडेने आतून प्लास्टिकच्या कड्या अडकवलेल्या. आणि झाकण उघडल्यावर ते हिसका देऊन उचललं तर कीबोर्डची कागदासारखी पातळ पट्टी फाटणार.

मी गडाखाली जन्मलो. हे सगळं मला ओळखीचं होतं. आमच्या गडाचे दरवाजे एका रेषेत नाहीत, म्हणजे हत्तीला धावत येऊन धडक मारता येऊ नये. हत्तीच्या कपाळाच्या उंचीला दारांवर लोखंडी सुळे आहेत. तट ओलांडून आत गेलं की खडक उभा तासून केलेला खंदक, आणि खंदक ओलांडला की अंधारी. अंधारी म्हणजे खडकातून वर चढत जाणारी वळणावळणाची काळोखी वाट. पूर्वी गाइड मशाल घेऊन नेत आणि मध्यावर ती मुद्दाम विझवत, आता लोक मोबाइल पेटवून जातात. वटवाघळांना दोन्ही आवडत नाही. गड बांधणाऱ्याला शत्रूला आत येऊ द्यायचं नव्हतं. लॅपटॉप बांधणाऱ्याला मालकालाच आत येऊ द्यायचं नाही. पहिल्याचं कौतुक करायला लोक तिकीट काढून येतात. दुसऱ्याचं कौतुक माझ्याने होत नाही.

पुतण्याने आधी बॅटरीची तार सोडवली, मग चार स्क्रूंचा पत्र्याचा पिंजरा उचलला आणि जुनी डिस्क अलगद बाहेर सरकवली. काढलेला प्रत्येक स्क्रू तो कागदावर ठेवून शेजारी जागा लिहीत होता. बायको हे बघून खूश. "बघा, कशी जागच्या जागी ठेवतो वस्तू." तिचा रोख कुणाकडे होता ते त्यालाही कळलं.

"काका, बॅकअप आहे का कुठं?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच हसला. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक छातीवर हात ठेवून 'आहे' म्हणतं, असं त्याचं म्हणणं. पेन ड्राइव्ह काढून देतात. लावून बघावं तर त्यात फोल्डरांची नावं बरोबर, चित्रं बरोबर, संख्या बरोबर, आणि प्रत्येक फाइल एक-दोन केबीची. लोकांनी डेस्कटॉपवरचे शॉर्टकट तेवढे उचलून ठेवलेले असतात. वस्तू घरातच, आणि तिजोरीत नुसती तिच्याकडे जायच्या वाटेची चिठ्ठी.

"मिठाची पोती," मी म्हणालो. पुतण्या शहरात वाढलेला, त्याला सांगावं लागलं.

१२९६ सालची गोष्ट. अल्लाउद्दीन खिलजी अजून सुलतान व्हायचा होता. तो अचानक देवगिरीवर चालून आला. यादव राजा रामदेवराव याची मोठी फौज मुलाबरोबर, शंकरदेवाबरोबर, लांब गेलेली. राजा गडावर चढला आणि दरवाजे लावून बसला. देवगिरीसारखा गड, भीती कसली? फक्त दाणागोटा हवा. कोकणाकडून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती खाली पडली होती, ती धान्याची समजून घाईघाईने वर चढवली. वेढा चालू असताना पोती सोडली तर निघालं मीठ. राजाला तह करावा लागला आणि सोन्यामोत्यांचे ढीग मोजून द्यावे लागले. ही हकिगत फरिश्ता या इतिहासकाराने तीनशे वर्षांनंतर लिहिली, तेव्हा तिच्यात थोडं मीठ त्यानेही टाकलं असेल. पण लहानपणी आजीकडून ती ऐकताना मला एकच प्रश्न पडायचा. एवढी पोती पाठीवरून गड चढवली, एवढे हमाल, एवढे कारभारी, आणि एकालाही एका पोत्यात बोट घालून चाटावंसं वाटलं नाही?

"आमच्याकडंबी तेच," पुतण्या म्हणाला. "बॅकअप सगळे घेतात. उघडून कुणीच बघत नाही."

जुनी डिस्क तारेने जोडली, नवी जागेवर बसवली आणि प्रत काढायचं काम सुरू झालं. पडद्यावर उरलेला वेळ दिसत होता. आधी दोन तास, मग नऊ, मग काही वेळ नुसतं 'हिशेब चालू आहे', आणि मग एकदम चाळीस मिनिटं. डोकं एखाद्या आजारी जागेवर आलं की टक्-टक्, आणि आकडा वाढायचा. इन्व्हर्टर आहे म्हणून विजेची काळजी नव्हती, तरी बायकोने देवाजवळ दिवा लावला. रात्री जेवणं झाली. पुतण्या ओसरीवरच आडवा झाला. मी बसून राहिलो.

मला अशा रात्रींची सवय आहे. बँकेत कॉम्प्युटर यायच्या आधी ताळा जुळला नाही तर घरी जाता येत नसे. फरक दोन रुपयांचा असो की सात पैशांचा. खिशातून सात पैसे टाकून मोकळं होता येत नाही, कारण सात पैशांच्या मागे सात हजारांच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असू शकतात. या बाबतीत आमचं कुलदैवत म्हणजे एकनाथ महाराज. पैठणचा हा मुलगा गुरूच्या शोधात देवगिरीला आला. गुरू जनार्दनस्वामी गडाचे किल्लेदार. त्यांची समाधी आजही गडावर आहे. आख्यायिका अशी, की स्वामींनी हिशेब तपासायला दिला, त्यात एका पैची चूक सापडेना तेव्हा नाथ रात्रभर चोपड्या घेऊन बसले आणि पहाटे ती सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. कीर्तनकार इथून पुढे जातात, की स्वामी म्हणाले, असंच चित्त देवाकडे लाव. मी बँकेचा माणूस, मी टाळीपाशीच थांबतो. ती टाळी ज्याने कधी वाजवली नाही त्याने कारकुनी केलीच नाही.

आणि नाथांनी पुढे आयुष्यात काय केलं? प्रतींवर प्रती होत ज्ञानेश्वरीत शिरलेले चुकीचे पाठ पारखून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी तिची शुद्ध प्रत तयार केली. मला तरी या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. एक पै शोधणारा माणूसच तीनशे वर्षांच्या नकलांमधून एक ओवी सोडवू शकतो.

पहाटे कॉम्प्युटरने ताळा सांगितला. बहुतेक सगळं आलं होतं, काही जागा वाचता आल्या नव्हत्या. त्या जागांवर नेमकं काय होतं ते यंत्राला ठाऊक नसतं. त्याच्या लेखी सगळ्या जागा सारख्या. काय गेलं ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं. पत्रं होती, आयकराची विवरणं होती, निवृत्तीच्या समारंभाचं भाषण दुर्दैवाने होतं. गेला होता तो एक फोटो, आणि तोही अर्धा. वडील असतानाचा, सगळ्या कुटुंबाचा, चांद मिनाराच्या पायथ्याशी काढलेला. आता त्यात मिनार आहे, मागे उभी असलेली मोठी माणसं छातीपर्यंत आहेत आणि खाली सपाट करडा रंग. फोटोची फाइल वरून खाली लिहिलेली असते म्हणे, त्यामुळे जातं ते खालून. इब्न बतूताच्या गोष्टीत पाय तेवढा पोचला होता, आमच्याकडे पाय सोडून बाकीचे पोचले.

आणि पुढे खाली बसलेली मुलं सगळी गेली.

आता कोण कोण बसलं होतं? बायको म्हणाली, पाच मुलं, आपला धाकटा मधोमध, हातात कुल्फी. भावजयीने फोनवर सांगितलं, कुल्फी नव्हती, पेरू होता, आणि तो धाकट्याच्या नाही, तिच्या मुलीच्या हातात. जालन्याची आत्या नव्वदीला टेकलेली. तिने पाच नाही, सात मुलं मोजली, आणि दोघं शेजाऱ्यांची होती ती नावांसकट सांगितली. तिसऱ्या दिवशी घरात हिरिरीने तीन पक्ष पडले. जे वर्षानुवर्षं कुणी उघडून पाहिलं नव्हतं ते गेल्याबरोबर सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मला म्हाइंभटांची आठवण झाली. यादवांच्याच काळात चक्रधरस्वामींच्या लीळा माणसामाणसांना विचारत त्यांनी गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत ती मूळ पोथी हरवली. मग ज्यांना जे आठवत होतं त्यातून ती पुन्हा उभी करावी लागली. हिराइसेचा पाठ, पिढीपाठ, असे तिचे पाठ महानुभाव पंथात सांगितले जातात ते त्यामुळे. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ आज आपल्यापुढे आहे तो तिजोरीमुळे नाही. देवगिरीची तिजोरी तर खिलजीने लुटून नेली. तो आहे तो हिराइसेसारख्यांच्या स्मरणामुळे. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या, पंथाबाहेरच्यांना त्या शतकानुशतकं वाचता आल्या नाहीत. पुतण्यालाही हे आवडलं. "म्हणजे एन्क्रिप्शन करूनच ठेवलं की हो," तो म्हणाला आणि मला पासवर्ड बदलायची आठवण करून दिली.

आमच्या फोटोचेही आता बायको-पाठ, भावजय-पाठ आणि आत्या-पाठ असे तीन पाठ आहेत. निकाल लावायला मी आत्याला तो अर्धा फोटो पाठवला. नातवाने तिच्या डोळ्यांसमोर मोबाइल धरला. तिने बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "अरे, हा त्या दिवसाचा नाहीच."

नव्या डिस्कवर लॅपटॉप आता बटण दाबेपर्यंत चालू होतो. अंघोळ, पूजा, चहा यांची घडी विस्कटली आहे ती वेगळीच. आवाज अजिबात नाही, त्यामुळे सुरुवातीला तो चालू आहे की नाही हे मी हात लावून बघत असे. फक्त पाचशेची डिस्क तो चारशे पासष्टची दाखवतो. "पस्तीस गेले कुठं?" बायकोने विचारलं. बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज एक हजार चोवीसने, म्हणून आकडा लहान दिसतो, प्रत्यक्षात जागा तेवढीच, हे मी तिला समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि बिल जपून ठेवायला सांगितलं.

राहिली जुनी डिस्क. पुतण्या म्हणाला, भंगारात देऊ नका, फाइल पुसली तरी आतला मजकूर तसाच राहतो, नुसतं अनुक्रमणिकेतलं नाव जातं. मोडून टाकायची तर आतले लोहचुंबक जोरदार असतात, शेजारचा शाळकरी मुलगा ते मागायला आतापासूनच येऊन बसतो. पण माझं मन होईना. त्यात ती पाच किंवा सात मुलं अजून आहेत, कुणाला वाचता येत नाहीत एवढंच. शिवाय या मुलखात याला पूर्वपीठिका आहे. तुघलकाचा एक दात बीडजवळ पडला तेव्हा त्याने तो इतमामाने पुरून त्यावर कबर बांधवली, असं सांगतात, आणि ती वास्तू बीडजवळ आजही दाखवतात. राज्य, राजधानी, चलन, काहीच धड न राखता आलेल्या माणसाने दात मात्र राखला. मला त्याच्याविषयी पहिल्यांदाच आपुलकी वाटली.

घुमट बांधायला मी सुलतान नाही. डिस्क शिवणयंत्राच्या खणात ठेवली आहे, रिळं आणि बॉबिनच्या शेजारी. कुणी कचरा म्हणून काढू नये म्हणून बायकोने तिच्यावर कागद चिकटवून आपल्या अक्षरात लिहिलंय: चालू नाही. टाकू नये.